जाड दांड्याची गिटार

जळगाव, रविवार, २० नोव्हेंबर १९८८

आज धुळ्याहून यांच्यासाठी इलेक्ट्रिक गिटार आणली. जिनिंग मिलच्या यंत्रात हात सापडल्यापासून यांची डावी मूठ पुरती वळत नाही. घरातल्या बारीक दांड्याच्या गिटारीवर अंगठा आखडतो आणि हे ती निमूट खाली ठेवतात. वाजवणं कायमचं सुटेल, ही धास्ती मला होती. यांना? कधी विचारलंच नाही.

धुळ्याच्या सुकलालभाऊंचा ऑर्केस्ट्रा मोडला, त्यांच्याकडे दोन गिटारी विकायला होत्या. मी चकचकीत, बारीक दांड्याची पसंत करून मोकळी झाले. "ही यांना हलकी पडेल."

सुकलालभाऊ हसले. "अक्का, हात त्यासना शे. त्यासले बोलू द्या ना!"

कुदळीचा दांडा पारखतात तसा, डोळे मिटून यांनी दुसरीचा जाड दांडा मुठीत धरला. रंग उडालेली, बोजड गिटार. पण अंगठा आखडला नाही. अख्खं गाणं वाजवलं.

आठ महिने डॉक्टरांशी, पाहुण्यांशी यांच्या वतीने मीच बोलते आहे. मदत म्हणूनच ना?

परतताना एस.टी.त म्हटलं, "द्या, मी धरते."

"राहू दे," म्हणाले, आणि दांड्यावरचा अंगठा जळगावपर्यंत काढला नाही.