डब्यावरची तारीख

गंज म्हणजे घाण नाही, बाबा, किती वेळा सांगू? तो गंज मी रंगवला होता. हातभर लांबीच्या धातूच्या फौजी रेल्वेगाडीच्या मॉडेलवर, तीन केसांच्या ब्रशनं, पंधरा दिवस बसून. वैनगंगेची माती चाळून चाकायले लावली होती. अन् तुम्ही एका दुपारी, मी झोपलो असताना, सगळ्या डब्यायले फाटकाच्या दांडीचा उरलेला लाल रंग फासून दिला.

वेड तुम्हीच लावलं होतं. तुम्ही तुमसरकडच्या रेल्वे फाटकावर गेटमन. मिलिट्री स्पेशल येते, ताडपत्रीखाली टँक घेऊन, तवा तुम्ही शर्टाचं वरचं बटन लावता, हिरवी झेंडी धरून ताठ उभे राहता, अन् मले दगडावर बसवून दटावता, "पाय हालवू नोको." नागपूरले कॉलेजात गेलो तं मी त्याच गाड्या गोळा कराले लागलो, छोट्या. आम्ही पोट्टे टेबलावर थर्माकोलचे डोंगर मांडतो, फासे टाकून लढाई खेळतो, अन् माही गाडी कुमक घेऊन येते. तुम्ही रंग फासला त्याच्या पुढच्या रविवारी तिची पहिली लढाई होती. आधी तुमाले दाखवाले म्हणूनच घरी आणली होती. हे मी तवा बोललो नाही.

उठून पाहतो तं छपरीत पेपरावर डबे वाळून राहिले होते.

"गंजलेली गाडी घेऊन कोनी लढाईले जाते का बे? पोट्टे हासतीन तुले."

"गंज मी रंगवला होता, बाबा!"

"गंज रंगवला? बापा बापा! कालेजात हेच शिकवतेत का?"

आई मधात पडली, "जाऊ द्या न जी, त्याचं त्याले."

मंग मी ते बोललो. "जिंदगीभर झेंडीच हालवली तुम्ही. गाडीतलं तुमाले काय समजते?"

तुम्ही ब्रश चिंधीले पुसत राहिले. मी विहिरीपाशी जाऊन सगळे डबे थिनरमध्ये बुडवले, जुन्या टूथब्रशनं घासले, अन् संध्याकाळच्या पॅसेंजरनं निघून गेलो. पुन्हा आलोच नाही. धान कापणीत तुमची छाती दुखली. मी पोचलो तवा तुमाले अंगणात ठेवलं होतं.

आता ते फाटक बंद झालं, रुळाखालून रस्ता काढला. मागच्या महिन्यात तुमच्या जोडीचे गेटमन काका घरी आले. च्या पेता पेता म्हणे, "तुया बापानं डब्यावर तारीख टाकली होती, हाये का ते?" मी म्हटलं, कोणती तारीख? ते हासले. मालगाडीच्या हर डब्यावर लिहिलेलं असते, या तारखेच्या आत तपासणीले वापस आणा. तारीख नसलेला डबा म्हणजे बेवारस. त्या दुपारी काका बाजूलेच बसले होते. लाल रंग पुरता वाळला बी नव्हता अन् तुम्ही चष्मा चढवून, झाडूच्या काडीनं, शेवटच्या डब्यावर पांढरे आकडे काढले म्हणे. काकांनी विचारलं, कोणता दिवस? तं तुम्ही म्हणाले, "पोट्टा सोताच वाचन न."

फाटकात घुसणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यायले दोन शेतं दुरून शिव्या देणारे तुम्ही! अन् घरच्या छपरीत एवढं तोंडातून निघालं नाही, की पोट्ट्या, वापस कवा येतं? आकडे काहून काढले? विचारलं असतं तं मी सांगितलं असतं. कदाचित खोटंच सांगितलं असतं, पण सांगितलं असतं.

गाडी मी पुन्हा रंगवली, गंजासकट. आज नागपूरले तिची लढाई हाये. पेटी मांडीवर ठेवून स्टेशनच्या बाकावर लिहून राहिलो. पाठवाचं कुठं, हा कागद डब्यायखालच्या फोममध्येच दाबतो. एक गोष्ट काकाले नाही सांगितली, आईले बी नाही. शेवटचा डबा बुडवताना मले पांढरं काहीतरी लिहिलेलं दिसलं होतं. मी वाचलं नाही. घासलं.

गाडी आली. आता काही बोलू नका, मी चाललो.