माझ्याच कॉम्प्युटरवर नेट नाही

दसरा, संध्याकाळ

घरातल्या सगळ्यांच्या फोनवर नेट आहे, फक्त माझ्या कॉम्प्युटरवर नाही! सकाळपासून बंद-चालू करून थकले. माझी लेक अंजू पडद्यावर दिसली की मगच मला सण वाटतो. फोनवर तिचा चेहरा धड दिसत नाही.

मधुरानेच काहीतरी केलंय. सून आयटीतली, तिला काय अवघड? परवाच म्हणाली होती, "आई, अंजूताईंशी किती वेळ बोलता!" आज विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी हातसुद्धा लावला नाही." न बघता का? आणि मुलगा म्हणतो, "आई, नक्को परेशान होऊ, कोठीच्या बाजारातून नवी वायर आणतो." हौ, म्हणजे दोघं मिळूनच.

शेवटी मधुराच टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरली. नेटची वायर काढली, केसांतल्या पिनेने त्या खाचेत काहीतरी खरवडलं, वायर परत लावली. मागचा हिरवा दिवा लुकलुकला.

"वायर सैल होती, आई." पुन्हा माझ्याकडे न बघता!

ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी वाकून पाहिलं. फरशीवर तांदळाचा एक दाणा पडला होता, हळदीने पिवळा झालेला. काल खंडेनवमीला सगळ्या वायरी काढून, कॉम्प्युटर पुसून, पुढून-मागून अक्षता मीच वाहिल्या होत्या.

म्हणजे ही मुलगी माझ्याशी खोटं बोलते, हा माझा संशय खराच निघाला.