पाठीमागे, पेन्सिलीने

ता. ४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन वर्षांनी पत्र लिहितोय, तेही कामापुरतं. बाबांनी परसातल्या तापमापकाची बावीस वर्षं रोज सकाळी आठला लिहिलेली नोंदवही आमच्या वेधशाळेच्या संग्रहात घ्यायचं चाललंय. तू पाठवलेल्या झेरॉक्स तपासताना एका आकड्याला अडखळलो. अकरा मे. आदल्या दिवशी ३१, दुसऱ्या दिवशी ३२, आणि मध्येच २१.४! अक्षर तुझं, दहा वर्षांच्या ताईचं. एक आकडा जरी मनाचा निघाला तरी समिती सगळी वही परत पाठवेल. तेव्हा कविता न करता उत्तर दे. आणि काकांना मध्ये घेऊ नकोस. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस 'अंश म्हणजे काय' इथून सुरुवात करेल.

रागावली असलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. ११ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आकडा मनाचाच आहे. बाबा तापाने झोपून होते, म्हणून मला पाठवलं. आदल्या संध्याकाळी आई तीन महिन्यांनी दवाखान्यातून घरी आली होती. सकाळी स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला आणि मी तापमापकाच्या पेटीपाशी गेलेच नाही. पायरीवर बसून, मला वाटलं तेवढं गार लिहिलं.

पुढे तुला अर्ध्या अंशासाठी पुन्हा परसात पिटाळणाऱ्या बाबांनी मला कधी काही विचारलं नाही. त्यांचं आपल्याकडे लक्षच नव्हतं, असं मी धरून चालले. 'बाबा मोजत राहिले, आम्ही वाढत राहिलो' ही माझ्या कवितासंग्रहातली ओळ वाचून तू बोलणं टाकलंस ना, ती याच सकाळवरून लिहिली होती.

काकांनी तुझं पत्र हातातून ओढून वाचलंच. म्हणाले, चुकलेली पण खोटी नसलेली नोंद ठेवावी का, असं बाबांनी त्यांना तेव्हा विचारलं होतं. काकांनी सत्याचे प्रकार सांगायला घेतले. तिसऱ्या प्रकाराला बाबा उठून गेले.

माझ्यामुळे वही अडली, याचं फार वाईट वाटतंय. माया पातळ करू नकोस.

तुझी,
ताई

ता. १८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

म्हणजे बाबांना कळलं होतं! मग दुरुस्ती केलीच असणार. विसरलीस? शाईवर खाडाखोड त्यांना खपायची नाही. दुरुस्ती पानाच्या पाठीमागे, पेन्सिलीने. माझ्याकडे पुढच्याच बाजू आहेत. मूळ वही काढ आणि पान उलटून बघ. काही नसेल तर मी आकडा लपवणार नाही, मग वही परत आली तरी चालेल.

तुझी ओळ मला झोंबली, कारण ती मलाही खरी वाटली होती.

काकांना नमस्कार, तिसऱ्या प्रकारासकट.

तुझा,
धाकटा

ता. २४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पान उलटलं. पेन्सिल पुसट झालीय, खिडकीशी धरून वाचलं. जसंच्या तसं उतरवते: 'प्रत्यक्षात ३१.६. स्वतः जाऊन पाहिले. मुलीची नोंद खोडू नये. घरात तेवढेच होते.'

काकांना दाखवलं. त्यांनी वही पुन्हा खिडकीशी नेऊन स्वतः वाचली. मी मात्र खूप रडले. अंगात ताप असताना बाबा परसात जाऊन आले आणि मला कळलंसुद्धा नाही.

मूळ वही रजिस्टर पोस्टाने पाठवतेय. समितीला मागची बाजूही दाखव. सुटीत ये, पेटी अजून परसात आहे.

माझं पुस्तकही काढलं. छापलेली ओळ आता खोडता येत नाही. त्या पानाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलं: 'स्वतः जाऊन पाहिले नव्हते.'

लोभ आहेच, तो मोजू नकोस.

तुझी,
ताई