छप्पनपैकी तेवीस

मंठा,
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

प्रिय नागसेन,

दिवाळीनंतरच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की तुझ्या तक्त्यातला आकडा ऑफिसात टाइप करताना बदलला आणि तपासणीला आलेल्या समितीसमोर फाईल उघडली तेव्हा मीही तो पहिल्यांदाच पाहिला. ही दोन्ही वाक्यं खोटी आहेत. ऑफिसातल्या महेबूबभाईंनी फक्त प्रिंट काढली होती. आकडा मी बदलला, नऊ एप्रिलला, आपल्या विभागातल्या खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर. तू तेव्हा पाण्याची बाटली भरायला खाली गेला होतास. हे फोनवर लिहिणार होते, पण फोनवर पाठवलेलं पुसता येतं आणि मी ते पुसलं असतं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहिते. क्रम सोडला की मी सोयीचं तेवढंच लिहिते, हे मागच्या पत्रात दिसलंच. भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला छप्पन मुलं होती. जूनमध्ये आपण दोघांनी कागदावर लिहिलं होतं की वर्षाच्या शेवटी विद्यार्थी आपल्या गावातल्या भूजलाविषयी दुसऱ्याला समजावून सांगू शकेल. मग ते किती जणांना खरंच जमतं हे मोजून निष्पत्तीच्या, म्हणजे मुलांना प्रत्यक्षात काय आलं याच्या, फाईलला तक्ता लावायचा, आणि फाईल माझ्याकडे होती. बाकीच्यांनी चाचणीत सगळ्यांना वीसपैकी सतरा-अठरा दिले आणि मोकळे झाले. तू मात्र मी कधीतरी चहा पिताना सांगितलेली आमच्या घरची पद्धत धरून बसलास.

मला लहानपणी फिट यायच्या म्हणून चौथीपर्यंत शाळेत घातलंच नव्हतं. आष्टीच्या घरी दादा, माझे वडील, शिकवायचे आणि परीक्षा आई घ्यायची, जिला अजूनही अक्षर येत नाही. ती ज्वारी निवडायला बसली की मी समोर बसून दादांनी शिकवलेलं तिला सांगायचं. कळलं तर ती एक चिंचोका डब्यात टाकायची, नाही कळलं तर तो सुपाच्या कडेलाच राहायचा. मी रडले की दादा म्हणायचे, "तिला कळलं न्हाई म्हंजी तुला आलं न्हाई. उद्या परत सांग." हे ऐकून तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणलीस आणि त्यात रकाने आखलेस: घरी कोणाला सांगितलं, त्यांना कळलं का, त्यांची सही किंवा अंगठा.

अंबरीनची आजी कमरबी तुला आठवते का? बोअर आटतं तेव्हा जमिनीखाली काय होतं हे अंबरीनने तिला अर्धा तास सांगितलं. मग तू फोन लावलास तर आजी म्हणाली, "छोरी बोली भोत, समजा कुछ नै." तू ते तसंच वहीत उतरवलंस आणि दिवसभर खूश होतास. छप्पनपैकी तेवीस भरले. तू म्हणालास, "आता कुठं कळलं कोण कुठं अडकलंय. मेमधे दुसरी फेरी घेऊ." एक्केचाळीस टक्के म्हणजे तुला कामाची सुरुवात वाटली होती.

त्याच आठवड्यात प्राचार्यांनी मला बोलावलं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. ते म्हणाले, "साठच्या खाली एकही तक्ता नको. तासिकेवरच्या लोकांना पुढच्या वर्षी घ्यायचं का नाही, ते बी यावरूनच बघू." भूगोलाच्या माझ्या पेपरचा तक्ता आधीच बहात्तरवर होता. तो बाकीच्यांसारखे सढळ गुण देऊन झाला, तेही तुला ठाऊक आहे. तू तासिकेवर होतास, म्हणून भीती मला तुझ्या तक्त्याची होती. खिडकीजवळ बसून मी पंधरा नावांपुढचं 'नाही' काढलं आणि 'हो' केलं. अडतीस झाले, अडुसष्ट टक्के. पंधरा नावं मी ठरवून निवडली नाहीत, वरून खाली येत गेले. त्यात अंबरीन होती. ती तेव्हा तिसऱ्यांदा आजीसमोर बसत होती.

मग मी तुझ्यापुढे शेवटचं पान धरलं. तू म्हणालास, "तू केलंयस ना, मंग वाचायचं काय?" आणि सही केलीस. ते वाक्य मी रोज ऐकते.

लक्ष्य गाठलेलं दिसल्यामुळे दुसऱ्या फेरीचे तास रद्द झाले. तू विचारलंस तर मी सांगितलं, वेळापत्रकात जागा नाही. तेही खोटं होतं, हेही इथे दुरुस्त करते. अंबरीनने मला जिन्यात गाठलं होतं. "मॅडम, सर फिर से नै लेंगे? दादी रोज पूछती." मी बघते म्हणाले.

ऑगस्टमध्ये समितीतल्या बाईंनी अडुसष्टचा पुरावा मागितला तेव्हा तू पळत जाऊन वही आणलीस. असं मोजणारं दुसरं कोणी नसेल, म्हणून तू ती दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवलीस. त्यांनी वही पाहिली, तक्ता पाहिला आणि चष्मा काढून विचारलं, "ही सही तुमची?" तू हो म्हणालास. मग एकदा माझ्याकडे पाहिलंस. मी फाईलच्या दोरीची गाठ सोडवत होते. ती आधीच सुटलेली होती. शिक्षकाने आकडे फुगवले असा शेरा तुझ्या नावावर लागला आणि सप्टेंबरमध्ये तुझे तास गेले. खरं मोजणारा आपल्या कॉलेजात तू एकटाच होतास. भोकरदनच्या मुलाखतीत त्यांनी त्या शेऱ्याविषयी विचारलं आणि आता तू तिथेच एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना शिकवतोस, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. तू स्वतः एवढंच लिहिलंस, "निदान तुझा तरी माझ्यावर विश्वास आहे." ते पत्र मी घडी घालून ठेवलं. पुन्हा उघडलं नाही.

मागच्या गुरुवारी महेबूबभाई माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. जालन्याच्या स्टँडवर तू भेटलास, त्यांनी सलाम केला आणि तू तोंड फिरवलंस. "मॅडम, सर मला बराबर ओळखत्यात. डबा खाल्लाय आमी एकत्र. माझं काय चुकलं?" मी तुझ्याशी खोटं बोलले, तू त्यांच्याशी बोलणं टाकलंस, आणि ते मलाच कारण विचारत होते.

रविवारी आष्टीला गेले. आई ज्वारी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, आधी तक्ता म्हणजे काय ते, मग पंधरा नावं, मग सही. ती मधेमधे थांबवून विचारत होती. "मंग त्या पोरानं वाचलं न्हाई?" नाही म्हणाले. "का न्हाई वाचलं?" मी केलेलं होतं म्हणून, म्हणाले. तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मला कळलं. त्याला कळलंय का?"

म्हणून हे पत्र. दुसरीकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं. आणि आईने विचारलं नाही ते एक. तुझी नोकरी वाचावी म्हणून केलं, असं मी स्वतःला दहा महिने सांगत होते. ते अर्धं आहे. तू मंठ्यात राहावास, रोज साडेदहाला विभागाचं दार उघडावंस, एवढ्यासाठी केलं. तुझ्या-माझ्या घरच्यांना सांगण्यासारखं आपल्यात काही झालं नव्हतं, आणि आता होणारही नाही. ते मी माझ्याच हाताने संपवलं. सोबत दोन झेरॉक्स आहेत: तुझ्या वहीची पानं आणि मी बदलण्याआधीचा तक्ता, जो मी पुसला नव्हता. कॉलेजने नाकारलं तर तुझ्याकडे असू दे. महेबूबभाईंना फोन कर. मला करू नकोस आणि थांबवायलाही येऊ नकोस, तू आलास तर मी थांबेन. नव्या वर्षाच्या निष्पत्तीची बैठक शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आहे, प्राचार्य आणि सगळे विभाग असतील. मी लेखी निवेदन देणार आहे, शेऱ्यातलं तुझं नाव काढून माझं घालावं म्हणून, आणि पंधरा नावं मोठ्याने वाचणार आहे. सोमवार, १६ फेब्रुवारी, सकाळी अकरा.

तुझीच लिहायला हात धजत नाही, तरी तुझीच,
दैवशाला