चौदा नंबरची आठवण

१२ जानेवारी, नांदेड

चौदा नंबरला आज आठवलं. पुरतं आठवलं! मी टेबलाखाली मूठ आवळली, पेपर सोपा निघाल्यावर पोरं आवळतात तशी.

चौदा नंबर म्हणजे भागवत. बी.ए.चं दुसरं वर्ष, लोह्याकडच्या एका खेड्यातून एस.टी.नं येतो. माझ्या पीएच.डी.च्या प्रयोगात प्रत्येकाला त्याच्या लहानपणीचे चार प्रसंग सांगते. तीन खरे, घरच्यांकडून गोळा केलेले. चौथा मी रचलेला — तू पाच वर्षांचा असताना लोह्याजवळच्या मालेगावच्या जत्रेत हरवलास, रडत बसलास, एका बांगडीवालीनं तुला घरच्यांकडे आणून सोडलं. खोटी गोष्ट माणसाला खरी म्हणून आठवते का, हे बघायचं. परदेशातल्या प्रयोगांत मूल मोठ्या बाजारसंकुलात हरवतं. आमच्याकडे कुठलं आलंय ते? खंडोबाची जत्रा घालायची अक्कल माझी. माझ्या गाईड सरांनी तेव्हा पाठ थोपटली होती.

भागवतच्या मोठ्या बहिणीनं, पूनमताईंनी, फॉर्मवर लिहून दिलंय की तो कधी हरवला नाही. निलंग्याला दिलंय त्यांना. फोनवरही विचारून घेतलं होतं. "न्हाई मॅडम, जत्रेला नेलंच न्हाई त्याला कधी."

पहिल्या बैठकीत तो म्हणाला होता, असं काही ध्यानात न्हाई. आज दुसरी बैठक. "हाव मॅडम, आठवून राहिलं." गर्दी आठवली, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माती आठवली. बांगडीवाली मात्र आलीच नाही. "बाबा आले. खांद्यावर घेतलं मला. त्यांच्या मानेला लई घाम होता."

खात्री किती, दहापैकी?

"नऊ."

लिहून घेतलं. नऊ.

१३ जानेवारी

फॉर्म पुन्हा काढला. भागवत सहा वर्षांचा असताना वडील वारले. हे काल माहीत नव्हतं असं नाही. वाचलेलं होतं.

१९ जानेवारी

तिसरी बैठक. हिच्यानंतर लगेच खुलासा करायचा असतो. चौथा प्रसंग खोटा होता, कारण अमुक, तुझं नाव कुठंही येणार नाही, इथे सही कर. सगळं पाठ आहे मला.

तो आलाच खुशीत. रविवारी एका मित्राला घेऊन मालेगावला जाऊन आला म्हणे, जागा दाखवायला.

"एक सांगू का मॅडम? मला बाबांचा चेहराच आठवत नव्हता. घरी एक फोटो हाय, लग्नातला, फेट्यातला. त्यात ते कुणीतरी दुसरेच वाटतात. आता आठवतो चेहरा." मग खाली बघत म्हणाला, "तुमच्यामुळं."

मी म्हणाले, आज वेळ संपली, नंतर बोलावते. वेळ संपलेली नव्हती. चांगली चाळीस मिनिटं शिल्लक होती. तो गेल्यावर तेवढी चाळीस मिनिटं मी त्याच खोलीत बसून काढली, दार लावून.

२१ जानेवारी

सरांना लातूरला फोन. म्हणाले, "थांब की गं महिनाभर. महिन्यानं परत विचारू, टिकते का आठवण बघू. सेमिनारला असंच उदाहरण पाहिजे."

मला हेच ऐकायचं होतं. त्यासाठीच तर फोन केला. असं थांबायला विद्यापीठाच्या नैतिकता समितीची वेगळी परवानगी लागते, हे त्यांनाही माहीत आणि मलाही. दोघांनीही तो विषय काढला नाही.

८ फेब्रुवारी, लातूर

सेमिनार झाला. चांगला झाला. लाज वाटते लिहायला, पण चांगला झाला.

चौदा नंबरची गोष्ट शेवटी ठेवली होती. मानेच्या घामाचं सांगितलं तेव्हा लोक हसले. वाईट नाही, कौतुकानंच हसले — बघा, मेंदू कसा तपशील भरतो! मीही हसले. पोरगं बापाच्या खांद्यावर बसलंय आणि आम्ही शंभर जण खाली उभं राहून हसतोय. टाळ्या वाजल्या. सर पहिल्या रांगेत होते, मान डोलावत.

जेवताना शेजारच्या एका वयस्क प्राध्यापक बाईंनी विचारलं, "खोटं होतं हे कळल्यावर तो मुलगा काय म्हणाला?"

"शांतपणे घेतलं त्यानं," मी म्हणाले.

इतकं सरळ तोंडातून आलं की मलाच पटलं. ताटातला भात संपवला. वर ताकही मागून घेतलं.

९ फेब्रुवारी

परत येताना एस.टी. मालेगावला थांबली. मी मोबाइलमध्ये तोंड घालून बसले. मोबाइल बंद पडलेला होता.

१८ फेब्रुवारी, नांदेड

आज सांगितलं. सरांना न विचारता.

पाठ केलेली वाक्यं म्हटली एकेक. हा तुझा दोष नाही. सगळ्याच मेंदूंचं असं असतं. आपण सांगितलेलं आणि घडलेलं एकाच कपाटात ठेवतो, मग चिठ्ठी कुठली कुणाची कळत नाही. तुझ्या ताईंनीही लिहून दिलंय, तू कधी हरवला नाहीस.

मला वाटलं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"मी खोटं न्हाई बोललो मॅडम."

नाही रे, तू नाही बोललास.

"मग तो चेहरा कुणाचा हाय?"

मी सहीचा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्यानं सही केली. जाताना खुर्ची नीट आत सरकवून गेला. सॉरी म्हणाला मला. तो, मला!

मी कुणाच्या तोंडातला घास काढून घेईन असं आजवर वाटलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी

पूनमताईंचा फोन. आवाज चढलेला. "काय सांगितलं तुम्ही त्याला? फोनवर रडून राहिला तो."

मी समजवायला लागले. त्यांनी मधेच तोडलं.

"हरवला होता तो, मॅडम. माझ्याच हातून सुटला. मी अकरा वर्षांची. आईनं बजावलं होतं, एवढ्या गर्दीत लेकराला न्यायचं न्हाई म्हणून. बाबांसंगं आम्ही दोघं तिला न सांगता गेलो. बाबांनीच शोधून आणला, खांद्यावर. मग देवळापुढं मला बेल-भंडारा उचलायला लावला. घरी एक शब्द काढायचा न्हाई. पुढच्या साली बाबाच गेले. शपथ सोडवायला माणूसच राहिला न्हाई. तुमच्या कागदावर कसं लिहू मी?"

लोह्याकडचं घर आणि मालेगावला मूल कधी नेलं नाही — ह्यावर मी विश्वास ठेवला. इथंच वाढलेली मी! फॉर्मवर सही होती ना, मग झालं.

भागवतला सांगितलं का, विचारलं. "सांगितलं. ऐकून घेईना. तुम्ही सांगा."

२२ फेब्रुवारी

भागवतला फोन केला. सगळं सांगितलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं त्यानं.

"मी रडलो ना मॅडम, म्हणून ताईला पण आता आठवून राहिलं. तुम्हीच म्हणलात, सगळ्यांचंच असं होतं." मग म्हणाला, "तिला नका सांगू खोटं हाय म्हणून. राहू द्या तिच्यापाशी."