सरावाचं बिल

बेहार, १६ नोव्हेंबर

प्रिय फेर्मीन,

अनेक आशीर्वाद. बिल्बाओला पाऊस असेलच. इथे डोंगरावर बर्फ पडलंय आणि सकाळी माझी बोटं सुईला दाद देत नाहीत. आई ठीक आहे. नजर मात्र पार गेली; खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच तिला कळतं.

तुझ्या ईमेलवर माझ्या नावाचं एक बिल आलं असेल. घाबरू नकोस, पैसे द्यायचे नाहीत. झालं काय ते सांगते.

येत्या जुलैपासून आम्हा एकट्यादुकट्याने धंदा करणाऱ्यांनाही सरकारमान्य प्रोग्रॅमवरच बिलं करावी लागणार. एक खुर्ची मढवली तरी बिल थेट कर खात्याकडे, आधीच्या बिलाला साखळीसारखं जोडून. बाबांच्या वेळचं बिलबुक आता चुलीत घालायचं. आपला हिशेबनीस बासिलिओ म्हणाला, आतापासूनच हात बसव, घरातल्या कुणाच्या तरी नावाने सराव कर. तुझ्या ओळखपत्राचा नंबर मला अजून पाठ आहे, म्हणून तुझं नाव टाकलं.

'काय काम केलं' असा रकाना होता. खोटंच बिल करायचं तर त्यात खुर्च्या कशाला, असं मनात आलं. लिहिलं, दर शनिवारी आईला न्हाऊ घालणे. लिहिलं, दवाखान्यात नेणे आणि आणणे. मी एकदा सुरू झाले की थांबत नाही, तुला ठाऊक आहे. शेवटी लिहिलं, फेर्मीनच्या नावाने आईला पत्रं, लिहून आणि वाचून दाखवून. दर एकेक युरो लावला, कारण प्रोग्रॅम तो रकाना रिकामा सोडू देईना. वर एकवीस टक्के करही त्याने आपणहून चढवला. मी हसले आणि बटण दाबलं. सरावाची पाटी वेगळी उघडावी लागते, नाहीतर बिल खरंच खात्याकडे जातं, हे मला कुणी सांगितलं होतं?

हो, पत्रं. बाबांना पुरलं त्या दिवशी घर विकण्यावरून आपलं वाजलं आणि तू गेलास तो गेलासच. आई रोज विचारायची. वाचून दाखवणारी मीच, तेव्हा लिहिणारीही मीच झाले. त्या पत्रांत तू तिच्या गुडघ्यांची चौकशी करतोस. तिच्या हातच्या मेम्ब्रियो फळाच्या गोड वडीची तुला आठवण येते. नाताळला तू येणारच असतोस आणि दर वर्षी काहीतरी आडवं येतं.

सोमवारी बासिलिओचा फोन आला. माझे हात सरसाने भरलेले, म्हणून फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावला. आई शेजारीच होती, पाय शेगडीपाशी घेऊन. त्याने अख्खं बिल वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीसकट. म्हणाला, "चेलो, खात्याला चेष्टा कळत नाही बघ. हे गेलं. आता रद्द करता येईल, पुसता नाही येणार."

मला फोन बंद करायचं सुचलं नाही. आईने पाय शेगडीपासून मागे घेतले. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. फेर्मीन इतकं गोड कधी बोललाय का?" थोड्या वेळाने म्हणाली, "आता नको लिहूस गं. दिवसभर सुई धरून हात दुखतात तुझे."

ओरडली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून ती तुझं नाव काढत नाही. पोस्टमनची शिट्टी आली की पूर्वी मान वर करायची, आता तीही करत नाही. मला तिच्यासाठी भीती वाटते, फेर्मीन. माझा तुझ्यावरचा राग अजून आहे तेवढाच आहे, पण तो नंतर बघू. हिवाळा मोठा आहे आणि ती जेवण निम्मं टाकते.

काल बिल रद्द केलं. प्रोग्रॅम कारण विचारतो आणि ते दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. बासिलिओ म्हणाला, 'चूक' असं लिही, सगळे तेच लिहितात. बराच वेळ बसून मी लिहिलं, 'काम झालं, पण कुणी सांगितलं नव्हतं.'

रविवारी ये. जमणार नसेल तर तिला चार ओळी लिही. गोड नसल्या तरी चालतील. वाचून मी दाखवीन, पण लिहिणार नाही.

तुझी, बिल रद्द केलेली आणि काहीच न पुसलेली,
चेलो