पहिलं लागलं की फ्रीज

सिन्नर,
१९ जुलै २०२५

चि. वेदूस, भागीआजीचे अ. उ. आ.

तुला इंजिनिअरिंगच्या सीईटीत शंभरात सत्त्याण्णव पडले म्हणून मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. तुझा दिनेशमामा म्हणाला, ते मार्क नाय, परसेंटाईल हाय. शंभर पोरांत सत्त्याण्णव तुझ्या मागं. मी म्हटलं, मग अजून पावशेर आण.

अक्षर वाकडं हाय, समजून घे. साक्षरता वर्गाच्या बाईंनी वेलांट्या शिकवल्या, पण कोणती कुठं वळवायची ते माझं मलाच उमगत नाय. फोन केला तर तुझे पप्पा स्पीकर लावतात आणि कामावरचं सारं पॅकहाऊस, माल भरणाऱ्या बायांसकट, ऐकतं. म्हणून हे शेजारच्या गोरक्षच्या टेम्पोतून धाडते. सोबत शेवग्याच्या शेंगा हायेत. मोजू नको, दोन त्याच्या बायकोला काढून दिल्यात.

काल तुझ्या पप्पांचा, दीपकरावांचाच फोन आला, लय खुशीत होते. म्हणाले, कॉलेजं निवडायच्या यादीत नाशिकचं कॉलेज पहिलं टाकायचं, ते पहिल्या फेरीतच लागतंय, आणि पहिलं लागलं की फ्रीज होतंय, मग पुण्याचा विषयच मिटला. मला तर लय बरं वाटलं. कॉलेजवाले पोरींना फ्रीज देतात, हे आमच्या वेळी नव्हतं. आमच्या वेळी कॉलेजच नव्हतं म्हणा. तुमचा जुना दूध नासवतो म्हणून सरिता सारखी कुरकुरते. तुझ्या आईला सांग, डबल दाराचा माग.

कळावे. माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी आजी

—

पिंपळगाव बसवंत,
२१ जुलै

ती. आजीस, वेदिकाचा शि. सा. न.

शेंगा पोचल्या. पत्र वाचून आधी पोट धरून हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. आजी, फ्रीज म्हणजे तो नव्हे. यादीत पहिलं लिहिलेलं कॉलेज पहिल्या फेरीत मिळालं, की तेच घ्यावं लागतं, खालची सगळी बंद. कॉम्प्युटर वरून वाचत येतो आणि जे आधी बसेल तिथे थांबतो. मला नाशिकचं नक्की बसतं. पुण्याचंही बसेल कदाचित, पण ते खाली लिहिलं तर तिथवर तो वाचणारच नाही.

पप्पा मला म्हणाले होते, वरखाली कसंही लिही, सगळी सारखीच धरतात. मला वाटलं, त्यांना नियम माहीत नाही. तुझ्या पत्रावरून कळलं की माहीत होता.

पुणंच का, ते तुला सांगते. फोटोवरून द्राक्षाच्या मण्याची साईज सांगणारा माझा प्रोग्रॅम सावलीतल्या मण्याला पान समजतो. पुण्याच्या त्या कॉलेजात कॉम्प्युटरला बघायला शिकवणारे एक सर आहेत. मी त्यांना मेल केला, तर त्यांनी माझ्या तीन चुका काढून पाठवल्या. आजवर कुणी माझ्या चुका इतक्या नीट काढल्या नव्हत्या. मला त्यांच्याकडेच शिकायचंय.

यादी पंचवीसला बंद होते. ओटीपी माझ्याच फोनवर येतो. पप्पा कामावर असताना गुपचूप क्रम बदलता येईल. बदलू का? आई म्हणते, भांडू नको.

गुडघ्याला तेल लाव. माया घट्ट आहे.
तुझी वेदू

—

सिन्नर,
२२ जुलै

चि. वेदूस, अ. उ. आ.

गुपचूप काही करायचं नाय. चोरून घेतलेलं कॉलेज चार वर्षं घशात अडकंल. आणि पुणं सोडायचं पण नाय.

मी सकाळीच दीपकरावांना फोन लावला. जावयाला एकदम कसं बोलावं, म्हणून आधी चहा झाला का विचारलं, पावसाचं विचारलं, मग विचारलं, पोरीला फसवता का. ते म्हणाले, आई, एकुलती एक हाय, पुण्यात आपलं कोण हाय. नाशिकहून संध्याकाळी घरी तरी येईल. माणूस वाईट नाय, भ्यालंय.

मग मी ते सांगितलं, जे कुणाला सांगितलं नव्हतं. बारावीनंतर तुझ्या आईचा नर्सिंगचा फॉर्म आला होता, नाशिकचा. तवा आम्हाला नाशिकच लांब वाटायचं. मी तो तारीख टळेपर्यंत बाजरीच्या कोठीत दाबून ठेवला. सरिताला वाटतं, पोस्टात हरवला. मी म्हटलं, दीपकराव, मी अडाणी होते म्हणून केलं, तुम्ही तर नियम वाचून करताय. स्पीकर चालूच असणार, कारण मागचा क्रेट आपटायचा आवाजसुद्धा थांबला.

त्यांनी फोन ठेवून दिला. मी उद्या परत लावणार, परवा परत लावणार.

हे पत्र आईला वाचायला दे. तोंडावर सांगायची माझी हिंमत नाय.
आजी

—

पिंपळगाव बसवंत,
२५ जुलै

ती. आईस, सरिताचा सा. न. वि. वि.

काल ह्यांनी स्वतःच वेदूला जवळ बसवून पुण्याचं पहिलं टाकलं, नाशिकचं दुसरं. मग म्हणाले, "वाच, मोठ्यानं वाच." तिनं यादी तीनदा वाचली, तेव्हा लॉकचं बटण ह्यांनीच दाबलं. काय लागतं ते पुढच्या आठवड्यात कळेल. वेदू म्हणते, आता नाशिक लागलं तरी रडणार नाही.

फॉर्मचं म्हणशील, तर त्याच वर्षी कोठी झाडताना तो मला सापडला होता. तुला विचारलं नाही, होता तिथंच परत ठेवला. राग आला होता, आई. थोडा अजून आहे. तो फोनवर नको आणि पत्रातही नको. गोरक्षच्या टेम्पोत बसून ये, चार दिवसांचे कपडे घेऊन.

वाट पाहते.
तुझी सरिता